जाडी पुरेशी, तरी नकार
चष्मा घालवायच्या लेसिक या लेसर ऑपरेशनबद्दल कुणीतरी लिहिलंय, ‘कॉर्निया (डोळ्याचा पुढचा पारदर्शक पडदा) ५०० मायक्रॉनच्या, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या, वर जाड असला की लेसिक बिनधास्त करा’. ते अर्धंच खरं. माझ्या मावसभावाची जाडी ५३० भरली, तरी डॉक्टरांनी नाही म्हटलं. टोपोग्राफीत (कॉर्नियाच्या वक्रतेचा नकाशा काढणाऱ्या तपासणीत) एका डोळ्याच्या कॉर्नियाचा खालचा भाग जास्त वक्र दिसला, म्हणजे केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका. लेसिकमध्ये कॉर्नियाचा वरचा पातळ थर कापून उचलतात, त्या फ्लॅपमध्येच शंभरेक मायक्रॉन जातात, शिवाय चष्म्याच्या दर नंबरामागे लेसर साधारण १५ मायक्रॉन काढतो. मुळात कमकुवत कॉर्निया मग डोळ्यातल्या दाबाने पुढे फुगू लागतो आणि साध्या चष्म्याने नीट दिसेनासं होतं.

आणि हो, टोपोग्राफीआधी सॉफ्ट लेन्स एक-दोन आठवडे बंद ठेवा, नाहीतर नकाशाच चुकतो. भावाला आधी डोळे चोळणं सोडायला लावलंय. ॲलर्जीमुळे दिवसभर तेच चालायचं!