विषय: मर्चिस्टनचा नेपियर आणि त्याच्या घरची माणसं

सर्वांना नमस्कार,
शनिवारी मुलांना घेऊन एडिंबरात मर्चिस्टन टॉवरला जायचं ठरलंय. बारावीपर्यंत आपण लॉग टेबलं उलटत बसलो, ती ज्याच्या डोक्यातून निघाली तो जॉन नेपियर तिथे जन्मला, एवढंच मला ठाऊक. तो प्रोफेसर होता का? घरी कोण कोण होतं? काका, चार ओळी लिहाल?
— मी. दे.

---

ताई,
प्रोफेसर अजिबात नव्हता. जमीनदार घरातला थोरला मुलगा; जमीनजुमला, भाऊबंदकी सांभाळून गणित करणारा.

जन्म 1550 चा. वडील आर्चिबाल्ड तेव्हा जेमतेम 16 वर्षांचे! आई जॅनेट बॉथवेल. आणि मुलांना आवर्जून सांगा ते मामांबद्दल. अ‍ॅडम बॉथवेल, ऑर्कनीचे बिशप. भाचा दहा वर्षांचा असताना त्यांनी मेहुण्यांना लिहिलं, पोराला फ्रान्सला नाहीतर फ्लँडर्सला शिकायला पाठवा, घरी राहून त्याला काही चांगलं शिकायला मिळायचं नाही. याच मामांनी 1567 मध्ये स्कॉटलंडच्या मेरी राणीचं तिसरं लग्न लावलं आणि दोनच महिन्यांनी तिच्या वर्षाच्या मुलाला राज्याभिषेक केला.

1563 मध्ये, तेराव्या वर्षी, जॉनला सेंट अँड्र्यूजच्या विद्यापीठात धाडलं. त्याच डिसेंबरात आई गेली. पदवी त्याने घेतलीच नाही.

पहिली बायको एलिझाबेथ स्टर्लिंग, तिची दोन मुलं. ती 1579 मध्ये वारली. मग अ‍ॅग्नेस चिझम, तिची दहा. हे दुसरे सासरे कॅथलिकांच्या कटात अडकलेले आणि जावयाने 1593 मध्ये पोपविरोधात अख्खं पुस्तक छापलं. त्या घरातल्या बाईच्या मनाचं काय झालं असेल!

अजून एक. वडील इतके तरुण, त्यामुळे मर्चिस्टन हाती आलं ते 1608 मध्ये, जॉन अठ्ठावन्न वर्षांचा असताना. तोवर संसार स्टर्लिंगशायरमधल्या गार्टनेसला. शेजारच्या गिरणीच्या खडखडाटाने त्याचा हिशोब बिघडायचा, असं तिथली जुनी माणसं सांगत. लॉग टेबलांच्या वीसेक वर्षांच्या आकडेमोडीतली बरीचशी तिथलीच, म्हणून टॉवर बघताना गार्टनेसचंही नाव घ्या.

टेबलं 1614 मध्ये छापली गेली. ती कशी तयार केली ते सांगणारं पुस्तक मात्र 1617 मध्ये तो गेला तेव्हा छापायचं राहिलंच होतं. ते 1619 मध्ये बाहेर काढलं अ‍ॅग्नेसच्या मुलाने, रॉबर्टने. मला या मुलाचं फार कौतुक वाटतं.
— वि. गो.

---

काका, फार छान. एक भर घालते. 1614 च्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर एडवर्ड राइट या दर्यावर्दी गणितज्ञाने केलं, पण छापायच्या आधीच तो वारला. 1616 मध्ये त्याच्या मुलाने, सॅम्युएलने ते प्रसिद्ध करून ईस्ट इंडिया कंपनीला अर्पण केलं. हिंदुस्थानच्या वाटेवरच्या जहाजांना रोजची आकडेमोड सोपी व्हायला हवीच होती.
— शु. जो.