मे ते ऑगस्ट 1991: एवढं सगळं एकाच वेळी कसं काय घडलं?

कृष्णाकाठ

मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या पेपरांच्या बांधीव फायली आहेत, त्यातल्या 1991 च्या मे ते ऑगस्टच्या सध्या वाचतोय, आणि जोडीला इकडचं तिकडचं वाचून तारखा जुळवतोय. माझा जन्म त्यानंतरचा. 91 म्हटलं की राजीव गांधींची हत्या आणि मनमोहन सिंगांचं बजेट, एवढंच डोक्यात होतं.

पण तारखा शेजारी शेजारी लिहून काढल्यावर चक्रावलोच. 21 मे ला रात्री श्रीपेरंबुदूरला राजीव गांधी गेले, आणि त्याच दिवशी तिकडे इथिओपियाचा हुकूमशहा मेंगिस्तू हाईले मरियम देश सोडून झिंबाब्वेला पळाला. पुढच्या तीन-चार दिवसांत इस्राएलने आदिस अबाबातून 14 हजारांवर इथिओपियन ज्यूंना विमानांनी उचलून नेलं, सगळं मिळून दीड दिवसात, विमानातल्या सीटा काढून टाकल्या होत्या आणि एका जंबोत हजारावर माणसं बसवली होती!! 12 जूनला आपल्याकडे हत्येमुळे पुढे ढकललेलं मतदान होतं, त्याच दिवशी रशियात येल्त्सिन अध्यक्ष म्हणून निवडून आले आणि लेनिनग्राडच्या लोकांनी शहराला परत सेंट पीटर्सबर्ग म्हणायचं ठरवलं. 15 जूनला आपलं शेवटच्या टप्प्याचं मतदान, आणि फिलिपीन्समध्ये पिनाटुबोचा स्फोट. 25 जूनला इकडे सुधाकरराव नाईक मुख्यमंत्री झाले, तिकडे स्लोव्हेनिया आणि क्रोएशिया युगोस्लाव्हियातून बाहेर पडले. 1 जुलैला रुपयाचं अवमूल्यन, त्याच दिवशी प्रागमध्ये वॉर्सा करार, म्हणजे सोव्हिएत गटाची लष्करी युती, मोडीत निघाला.

तर प्रश्न असा की यातलं काय एकमेकांशी खरंच जोडलेलं आहे आणि काय नुसतं एका तारखेला आलंय? आणि ज्यांनी ते दिवस मोठेपणी पाहिलेत त्यांनी प्लीज लिहा. तेव्हा काय वाटत होतं ते फाईलमध्ये नीट सापडत नाही.

दाभोळ_खाडी

मी लिहिते. तेव्हा मी बारावीत होते, गाव रत्नागिरी जिल्ह्यातलं. तुम्ही मे पासून सुरुवात केलीत पण आमच्यासारख्यांच्या घरात 91 आधीच्या ऑगस्टपासून सुरू झालं होतं. 2 ऑगस्ट 1990 ला सद्दामने कुवेत घेतलं तेव्हा माझे बाबा कुवेतमध्ये होते, वर्कशॉपात फोरमन. बरेच दिवस काही म्हणजे काही कळत नव्हतं, फोन बंद, पत्र नाही, आजी रोज संध्याकाळी रेडिओ लावून बसायची आणि आम्हाला गप्प बसवायची. मग बाबा बसने इराकमधून जॉर्डनला आले आणि अम्मानहून एअर इंडियाच्या विमानाने मुंबईला. त्या वेळी 1 लाख 70 हजारांच्या वर भारतीय असे परत आणले, यात केरळचे सगळ्यात जास्त पण कोकणातलेही पुष्कळ होते.

माणूस सुखरूप आला, पण पैसा तिथेच राहिला. तिथल्या बँकेतली शिल्लक, थकलेला पगार, सगळं. आणि हे एका घराचं नाही, एकेका वाडीत चार-पाच घरं अशी. दर महिन्याला येणारा ड्राफ्ट थांबला. म्हणून जेव्हा जुलैत बातमी आली की देशाने सोनं गहाण टाकलं तेव्हा लोकांना मोठा धक्का बसला होता, पण आमच्या आईने पाटल्या आधीच ठेवल्या होत्या. कुवेतहून आमच्या घरी येणारे पैसे थांबले आणि तिथूनच देशाला येणारे डॉलरही थांबले. हे मला त्या वयातही समजलं होतं. तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर हेच, की कुवेत आणि आपलं सोनं यात सरळ नातं आहे, त्यात योगायोग काही नाही.

हिशेबनीस

ताई, तुमचं घरचं वाचून वाईट वाटलं, आणि नातं आहे हे शंभर टक्के मान्य. पण सगळं खापर सद्दामवर फोडलं जातं ते मला पटत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कुवेत प्रकरणात तेल भडकलं, बॅरलला 20 डॉलरच्याही खाली होतं ते ऑक्टोबर 90 मध्ये 40 पर्यंत गेलं. आखातातून येणारा पैसा थांबला, इराक-कुवेतला जाणारा माल थांबला. बरोबर. पण असा धक्का इतर देशांनाही बसला, ते सगळे काही दिवाळखोरीच्या दारात आले नाहीत. आपण आलो कारण सगळं ऐंशीचं दशक आपण उधारीवर काढलं होतं. सरकारची तूट जीडीपीच्या आठ टक्क्यांच्या आसपास, त्यात अल्प मुदतीचं परदेशी कर्ज, म्हणजे आज घेतलं आणि वर्षाच्या आत फेडायचं असलं. असं कर्ज देणारा पहिल्या धक्क्याला हात आखडता घेतो, आणि तसंच झालं. अनिवासी भारतीयांनी पण ठेवी काढायला सुरुवात केली.

त्यात दिल्लीत सरकार धड नाही. चंद्रशेखरांचा पाठिंबा काँग्रेसने काढला, मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला, यशवंत सिन्हांना पूर्ण बजेट मांडताच आलं नाही, आणि मग ऐन निवडणुकीत हत्या. म्हणजे देशाकडे जेमतेम दोन-तीन आठवड्यांच्या आयातीपुरतं परकीय चलन, आणि सही करायला धड सरकार नाही. तरी त्या काळजीवाहू सरकारनेच मे महिन्यात 20 टन सोनं स्वित्झर्लंडच्या बँकेला विकायचा निर्णय निभावला हे लोक विसरतात. जुलैचं वेगळं. तेव्हा रिझर्व्ह बँकेने जवळपास 47 टन सोनं विमानाने बाहेर पाठवलं, बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण, त्यावर साधारण 40 कोटी डॉलर मिळाले. ते कर्ज त्याच वर्षी फेडलं पण.

माझ्या वडिलांचा पिंपरीला छोटा कारखाना होता, एक सुटा भाग जर्मनीहून यायचा. आयात रोखायला रिझर्व्ह बँकेने रोख मार्जिन इतकं चढवलं होतं की एप्रिलपर्यंत ते मालाच्या किमतीच्या दुप्पट झालं, म्हणजे लाखाचा माल मागवायचा तर दोन लाख आधी बँकेत अडकवून ठेवायचे. कोण ठेवणार? मशीन बंद. कामगारांना काय सांगायचं हा प्रश्न रोज जेवताना व्हायचा. म्हणून 24 जुलैचं बजेट आमच्या घरात अक्षरशः कान लावून ऐकलं गेलं, आणि त्याच दिवशी आधी नवं औद्योगिक धोरण आलं होतं त्याने लायसन्स राज बहुतांशी संपवलं, ते तर मला बजेटहून मोठं वाटतं. पण याची झळही बसली, खताच्या किमती एकदम चाळीस टक्क्यांनी वाढवल्या, ओरड झाल्यावर वाढ तीसवर आणली. शेतकऱ्याच्या घरातला माणूस 91 च्या बजेटबद्दल माझ्यासारखं बोलणार नाही, आणि त्याचं चूक नाही.

पाटा_वरवंटा

वरच्या यादीत पिनाटुबो आहे म्हणून लिहितो, भूगर्भशास्त्र शिकवतो. हा मात्र राजकारणाशी न जोडलेला, शुद्ध निसर्ग. पण यात माणसांनी जे केलं ते त्या उन्हाळ्यातलं सर्वात चांगलं काम होतं असं मला मनापासून वाटतं.

पिनाटुबो सुमारे 500 वर्षं शांत होता. एप्रिलमध्ये वाफ निघायला लागली, भूकंपाचे छोटे धक्के वाढले. फिलिपीन्सच्या आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून उपकरणं लावली आणि अधिकाऱ्यांना सांगायला लागले की गावं हलवा. आता जो डोंगर कुणाच्या पणजोबांनीही पेटलेला पाहिला नाही त्याबद्दल विश्वास कोण ठेवणार? तेव्हा त्यांनी एक व्हिडिओ दाखवला, ज्वालामुखी पेटला की नेमकं काय होतं त्याचा, मोरीस आणि कातिया क्राफ्ट या फ्रेंच जोडप्याने जगभर जीव धोक्यात घालून केलेलं चित्रण होतं ते. लोकांना पटलं. आणि हे लिहिताना आजही गलबलून येतं, की तेच क्राफ्ट दांपत्य 3 जूनला जपानमध्ये उन्झेन ज्वालामुखीच्या लोटात गेलं, एकूण 43 माणसं गेली तिथे. त्यानंतर बाराच दिवसांनी पिनाटुबो फुटला आणि त्यांच्या व्हिडिओमुळे हललेली हजारो माणसं वाचली.

नशीब बघा, 15 जूनलाच तिथे चक्रीवादळही आलं. राख पावसाने भिजून जड झाली आणि छपरं कोसळली, जे मृत्यू झाले त्यातले बरेच असे छपराखालचे. आणि जी गंधकाची वाफ वर गेली ती थेट स्थितांबरात, म्हणजे ढगांच्याही वरच्या थरात, तिथे तिचा थर पृथ्वीभर पसरला आणि पुढच्या वर्षी जगाचं सरासरी तापमान अर्ध्या डिग्रीच्या आसपास उतरलं. त्याच वेळी कुवेतच्या सहाशेहून जास्त तेलविहिरी जळत होत्या, शेवटची विझली नोव्हेंबरात. पण तो धूर खालीच राहिला, त्यामुळे त्रास मोठा पण त्याच भागापुरता. हा फरक मी दरवर्षी वर्गात सांगतो.

अजून एक, यादीत बांगलादेश राहिला. 29 एप्रिलला चितगावच्या किनाऱ्याला वादळ आलं, 1 लाख 38 हजारांच्या आसपास माणसं मेली. मदतीला कोण आलं, तर आखातातलं युद्ध संपवून घरी निघालेल्या अमेरिकन नौसैनिकांची जहाजं, वाटेतून वळवली. म्हणजे हाही धागा कुवेतला पोचतोच.

कृष्णाकाठ

बापरे, क्राफ्टचं अजिबात माहीत नव्हतं. बांगलादेश एप्रिलमधलं म्हणून माझ्या फायलींत आलंच नाही. ऑगस्टबद्दल कुणी लिहील का? मॉस्कोत सोव्हिएत अध्यक्ष गोर्बाचेव्हविरुद्ध बंड झालं तेव्हा तिथे कुणी होतं का आपल्यापैकी?

व्होल्गा_ते_पंचगंगा

होतो. मेडिकलला होतो मॉस्कोत. सुट्टी होती पण तिकिटाचे पैसे जमले नाहीत म्हणून हॉस्टेलवरच.

एक लक्षात घ्या, तिथे सामान्य माणूस ऑगस्टच्या आधीच टेकीला आला होता. जानेवारीत 50 आणि 100 रूबलच्या नोटा रद्द केल्या होत्या, बदलून घ्यायला तीन दिवस. एप्रिलमध्ये सरकारी दुकानातले भाव वाढवले. साखर कूपनवर. 19 ऑगस्टला सोमवार होता, सकाळी टीव्ही लावला तर बॅले, परत परत स्वान लेकच, मधेच निवेदन की गोर्बाचेव्ह आजारी आहेत आणि कारभार समितीकडे आहे. आमच्या मजल्यावरची सफाईवाली बाई रडत होती आणि एकच म्हणत होती, परत तेच दिवस येणार. संध्याकाळी पत्रकार परिषदेत त्या समितीच्या यानायेव्हचे हात थरथरताना सगळ्या देशाने पाहिले, आणि मला वाटतं लोकांची भीती तिथेच निम्मी झाली.

बाहेर रस्त्यावर रणगाडे होते पण ट्रॅफिक लाईटला थांबत होते आणि बायका त्या पोरांना पाव आणि सिगरेटी देत होत्या. येल्त्सिन रणगाड्यावर चढून बोलले ते मी स्वतः नाही पाहिलं, दुसऱ्या दिवशी मात्र गेलो होतो त्या बाजूला, ट्रॉलीबस आडव्या लावून रस्ते अडवले होते आणि पाऊस पडत होता. त्या रात्री तीन तरुण मारले गेले. 21 ला सगळं कोसळलं. गोर्बाचेव्ह क्रिमियात नजरकैदेत असताना बीबीसी ऐकत होते म्हणे, आम्हीही तेच करत होतो. 24 ला युक्रेनने स्वातंत्र्य जाहीर केलं.

नरसिंह रावांनी तेव्हा म्हटलं होतं की घाईने बदल करणाऱ्यांना ही ताकीद आहे, अशा अर्थाचं. हॉस्टेलवरच्या रशियन मित्रांना ते लागलं होतं आणि मलाही. महिन्याभरापूर्वी स्वतः एवढे मोठे बदल केलेल्या पंतप्रधानाने असं बोलावं हे तेव्हाही पटलं नव्हतं, आजही नाही.

हिशेबनीस

आणि याचाही धागा आपल्या खिशाला येतो. सोव्हिएतशी आपला व्यापार रुपयात चालायचा, डॉलर लागत नव्हते. चहा, कपडे, औषधं बिनघोर जायची. तो ग्राहक गेल्यावर सुधारणा मागे घ्यायला वाटच उरली नाही. नवं धोरण आलं जुलैत आणि जुना आधार कोसळला ऑगस्टमध्ये. उलट क्रमाने झालं असतं तर आपली अवस्था फार वाईट झाली असती.

नरखेडची_संत्री

दिल्ली-मॉस्कोच्या गर्दीत एक बातमी नेहमी राहून जाते. 30 जुलै 1991, नागपूर जिल्ह्यातलं मोवाड. वर्धा नदीचा पूर गावात घुसला आणि दोनशेवर माणसं गेली. माझं आजोळ त्याच भागातलं. बजेटनंतर सहा दिवसांनी आणि मॉस्कोत बुश-गोर्बाचेव्हनी अण्वस्त्र कपातीवर सह्या केल्या त्याच्या आदल्या दिवशी. यादी करत असाल तर यात मोवाड लिहा, कृपया. कशाशी जोडलेलं असो नसो.

कृष्णाकाठ

लिहिलं. उद्याच ती फाईल काढतो.

लांबउडी

राजकारण झालं, आता माझं. 30 ऑगस्टला टोकियोत माईक पॉवेलने 8.95 मीटर उडी मारली, बॉब बीमनचा 1968 चा विक्रम मोडला, तोही कार्ल लुईसला हरवून. तो विक्रम आजही उभा आहे, त्या उन्हाळ्यातल्या किती गोष्टींबद्दल असं म्हणता येईल?

आणि जोडलेलं काय असं विचारताय तर दक्षिण आफ्रिका घ्या. जूनमध्ये तिथल्या संसदेने माणसांची वंशावर नोंदणी करणारा कायदा रद्द केला, जुलैच्या सुरुवातीला मंडेला आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे अध्यक्ष झाले, लगेच ऑलिंपिक समितीने दार उघडलं आणि 10 जुलैला आयसीसीनेही परत घेतलं. मग त्यांचा संघ सगळ्यात आधी कुठे आला? आपल्याकडेच, 10 नोव्हेंबरला ईडन गार्डन्सवर, क्लाइव्ह राईस कॅप्टन. ज्या देशाने वर्णभेदाविरुद्ध सगळ्यात आधी व्यापार बंद केला त्यानेच पहिलं बोलावणं दिलं, याचा मला अजून अभिमान वाटतो. कृष्णाकाठ, तुमच्या जुलैच्या फायलीत क्रीडापानावर 11-12 तारखेला ही बातमी असणार, सापडली तर फोटो काढून इथे टाका.