आजीच्या हातावरचं तुळशीवृंदावन माझ्या हातावर गोंदायचंय. नक्षी कशी उतरवावी?

रानजाई: आजी ८६ वर्षांची आहे. तिच्या उजव्या हातावर आतल्या बाजूला, मनगटाच्या चार बोटं वर, वृंदावन गोंदलेलं आहे. रेषा पसरून हिरवट झाल्यात, फांद्या नीट कळत नाहीत. मला तेच हवंय आणि खाली 'विठ्ठल'. टॅटूवाला म्हणतो, नेटवरची छान तुळस काढून देतो. मला छान नको, आजीचीच हवी. शाई हिरवी घ्यावी का? आषाढीची वारी चालायची आहे, त्याआधी करावं का?

काजळरेघ: हिरवी शाई मागू नका. जुनं गोंदण दिव्याच्या काजळीचं असायचं, म्हणजे काळंच. शाई कातडीच्या वरच्या थराखाली, साधारण १ ते २ मिमी खोल बसते आणि तिथून काळा रंग निळसर-हिरवा दिसतो. आजची काळी शाईही बहुतेक कार्बनचीच, वर्षं गेली की तीही त्याच वळणावर जाते.

नक्षी उतरवताना आजीचा हात उशीवर सैल ठेवा. शेजारी पट्टी ठेवून, खिडकीच्या उजेडात, कॅमेरा अगदी सरळ वर धरून फोटो घ्या. मग फोटो संपादनात फक्त लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा भाग) काळा-पांढरा करून बघा. कातडी उजळते, शाई गडद होते आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या फांद्या वर येतात. त्यानंतर पारदर्शक प्लास्टिक हलकेच हातावर ठेवून बारीक मार्करने गिरवा. या वयात कातडी कागदासारखी असते, ताणू नका, चिकटपट्टी तर अजिबात लावू नका.

सगळ्यात मोठी चूक इथे होते: लोक पसरलेल्या रेषेची कड गिरवतात आणि नक्षी जाडजूड होते. रेषेच्या मधोमध गिरवा. सुई तिथेच टोचली होती. एक फांदी आखूड असेल, ठिपके वाकडे असतील, तर तसेच ठेवा. टॅटूवाले हौसेने दोन्ही बाजू सारख्या करतात. त्याला आधीच बजावा.

वेलांटी: 'विठ्ठल'बद्दल. 'ठ्ठ' एकाखाली एक हवा असेल तर शिरोरेषेपासून खाली निदान १५ मिमी उंची ठेवा. शाई पुढे पसरते आणि 'ठ'ची पोकळी भरून नुसता गोळा उरतो. डिझाइनच्या काही सॉफ्टवेअरमध्ये देवनागरी मोडते, वेलांटी 'व'च्या उजवीकडे जाते, 'ठ'चा पाय मोडलेला दिसतो. म्हणून शब्द टाइप करून पाठवू नका, स्वच्छ हाताने लिहून त्याचं चित्र द्या. हातावर स्टेन्सिल (गोंदण्याआधीचा नक्षीचा कच्चा ठसा) उमटली की ती १०-१५ मिनिटं वाळू द्या आणि मराठी वाचणाऱ्या दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. आजीच्या तुळशीचा शेंडा कोपराकडे आहे की मनगटाकडे, हेही तिथेच तपासा.

रानजाई: खाली कुंकवाचा लाल ठिपका चालेल?

हिरवी_माडी: चालेल, पण टॅटूच्या रंगांत लालची ॲलर्जी सर्वाधिक दिसते, कधी महिन्यांनी खाज आणि गाठ येते. मी तरी काळ्यातच ठेवीन.

वारीच्या निदान महिनाभर आधी उरका. वरची कातडी भरायला २ ते ४ आठवडे लागतात. ऊन, घाम, पावसाचं पाणी आणि चंद्रभागेतलं स्नान हे सगळं ओल्या जखमेला नकोच. पूर्वी ताज्या गोंदणावर हळद-तेल लावत. स्वयंपाकघरातली हळद निर्जंतुक नसते, लावू नका. सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवा, टिपून कोरडं करा, बिनवासाचं मलम अगदी पातळ लावा. खपली ओढली की शाईही निघते आणि ठिपके गळतात. तसं झालंच तर ६ आठवड्यांनी पुन्हा भरून घ्या.

सुई सीलबंद पाकिटातून तुमच्यासमोर उघडायला सांगा, शाई नव्या टोपणात (शाईच्या छोट्या वाटीत) ओतलेली हवी. कावीळ बी, सी आणि एचआयव्हीचा धोका वापरलेल्या सुई-शाईतून येतो. नंतर १२ महिने रक्तदान करता येत नाही. जखमेचे व्रण उंच वाढत असतील किंवा साखर ताब्यात नसेल तर आधी त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

काजळरेघ: गिरवायला बसाल तेव्हा आजीला प्रत्येक खूण विचारा. तळाची ठिपक्यांची ओळ पायऱ्या आहेत की पणत्या? पायऱ्या असतील तर ठिपके एका रेषेवर टेकलेले हवेत, पणत्या असतील तर सुटे. ती सांगेल ते त्याच प्लास्टिकवर बाण काढून लिहा आणि टॅटूवाल्याला तेच द्या.