मॉनिटरला महिन्याला किती युनिट जातात? (घरात वाद पेटलाय)

अक्षरजुळारी
नमस्कार मंडळी. मी घरूनच डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी, करतो. लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल, आता दिवाळी अंकांची पानंही यायला लागतील. लालबागला चाळीत दीड खोली, त्यात दादा, वहिनी, पुतण्या आणि मी. मार्चमध्ये जुना मॉनिटर गेला म्हणून लॅपटॉपला जोडायला २४ इंची एलईडी घेतला. तेव्हापासून बिल आलं की वहिनी आधी माझ्याकडे बघतात. परवा दादासमोरच म्हणाल्या, "भाऊजी, तुमच्या त्या दुसऱ्या टीव्हीचं काहीतरी वेगळं काढा." फेब्रुवारीत २१० युनिट होते, मेमध्ये २८६. मधले ७६ युनिट मॉनिटरच्या माथी.

द्यायला माझी ना नाही, पण किती द्यायचे? सकाळी १० ते रात्री ८ चालू, रविवारी बंद. अ‍ॅडॉप्टरवर १९ व्होल्ट, २.१ अँपिअर लिहिलंय, म्हणजे ४० वॅट. रोज १० तास, २६ दिवस, झाले १०.४ युनिट. बरोबर ना? आणि ३०० च्या वर गेलं की सगळ्याच युनिटना वरचा दर लागतो, असं वहिनी म्हणतात. खरं आहे का?

मुलुंडकर
अ‍ॅडॉप्टरवरचा आकडा म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो तो. मॉनिटर तेवढं ओढतोच असं नाही. २४ इंची साधारण २० ते २५ वॅटमध्ये भागवतो, ब्राइटनेस कमी केलात तर आणखी कमी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. आमच्याकडे महावितरण, तुमच्याकडे बेस्ट, दर वेगळे, पण रीत तीच. पहिले १०० एका दराने, १०१ ते ३०० पुढच्या दराने, ३०१ व्या युनिटपासून वरचा दर आणि तो फक्त त्या वरच्या युनिटना. शिवाय वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातला फरक) आणि १६ टक्के वीज शुल्क असतं, त्यामुळे नुसत्या वीज आकाराने गुणू नका, हिशेब कमी भरेल.

आणि अहो, फेब्रुवारी आणि मे यांची तुलना? जुना पंखा ७५ वॅटचा असतो. उन्हाळ्यात एक पंखा रोज १२ तास जास्त फिरला की महिन्याचे २७ युनिट तिथेच गेले. फ्रिजचा कॉम्प्रेसरही मे महिन्यात दम घेत नाही.

निळीशाई
डार्क मोड लावा, वीज वाचते.

मुलुंडकर
मोबाइलच्या ओलेड पडद्यावर वाचते. साध्या एलईडी मॉनिटरमध्ये मागचा दिवा जळतच असतो, पुढे काळं दिसो की पांढरं.

वायरमन_नाना
अरे पोरांनो, कागदावर कशाला भांडताय? मीटरला विचारा. नव्या मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ ३२०० इम्प असं काहीतरी छापलेलं असतं. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. आकडा वेगळा असेल तर तो धर.

घरातलं सगळं बंद कर, फ्रिजसकट. १५-२० मिनिटांनी काही नासत नाही, फक्त दार उघडू नका. दिवा थांबला पाहिजे. नाही थांबला तर आधी गळती शोध, मॉनिटर राहू दे. मग लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालव आणि मॉनिटर जोड, म्हणजे लॅपटॉपची वीज मोजणीत येणार नाही. १० मिनिटं मोज. आलेल्या आकड्याला ६ ने गुण, ३२०० ने भाग, हजाराने गुण. झाले वॅट. मी आयुष्यभर ग्राहकांची भांडणं अशीच मिटवली आहेत.

अक्षरजुळारी
नाना, काल रविवारी केलं. आमचे मीटर जिन्याखाली, बावीस खोल्यांचे एका फळीवर, जळमटांत. मी मोबाइलचा टॉर्च घेऊन उकिडवा, पुतण्या वर खटक्यापाशी. आधी सगळं बंद. दिवा थांबला, म्हणजे गळती नाही. मग मॉनिटर. १० मिनिटांत २० वेळा लुकलुकला. हिशेब केला तर ३७.५ वॅट! माझे ४० च बरोबर निघाले की काय, म्हणून तोंड पडलं.

पुतण्याला ओरडलो, "कर रे बंद." त्याने मॉनिटरचं बटण दाबलं. दिवा तरीही चालूच, सावकाश, पण चालू. पुन्हा १० मिनिटं मोजले, ७ वेळा. मला वाटलं शेजाऱ्याने आमच्यावर तार टाकलीय. वर जाऊन बघतो तर टेबलाखाली यूपीएसचा हिरवा दिवा. जुन्या सीपीयूच्या काळातला तो, बॅटरी कधीच बसलेली, वीज गेली की आता दोन मिनिटंही दम धरत नाही. मॉनिटर सवयीने त्यातच खुपसलेला. तो एकटा १३ वॅट पीत बसलाय, चोवीस तास, रविवारीसुद्धा.

म्हणजे २० मधून हे ७ वजा जाता १३ वेळा मॉनिटरचे, साधारण २४ वॅट, महिन्याचे ६.३ युनिट. आणि ज्याचा काही उपयोग नाही त्या खोक्याचे ९.४. सगळं धरून युनिटमागे १० रुपये मानले तर दीडशेच्या आसपास. लॅपटॉपचे वेगळे देईन.

मध्येच वहिनी खाली आल्या. फ्रिज बंद म्हणून वैतागलेल्या, पण आकडे बघून म्हणाल्या, "आता आमचा पंखा मोजा." तोही लावला. १० मिनिटांत ४०! त्या स्वतः मोजत होत्या, बोटांवर. तिसाच्या पुढे गेल्यावर त्यांनी बोटं सोडून दिली आणि म्हणाल्या, "फ्रिज लावू का आता, दूध आहे आत."

वायरमन_नाना
शाब्बास. यूपीएस काढ आणि मॉनिटर सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये लाव. आतली बॅटरी मात्र कचऱ्यात टाकू नकोस, शिशाची असते. बॅटरीवाला वजनावर पैसे देतो.