पैसे कापले जातात, पण ऑर्डर ‘पेंडिंग’च राहते

आमसूलवाले: काजू-आमसुलाचं ऑनलाइन दुकान, एकल मालकी, पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) जोडलेला. कार्डाचे पैसे कापले जातात, पण काही ऑर्डरी ‘पेंडिंग’च दिसतात. शिवाय ५००० रुपयांच्या ऑर्डरचे ४८८२ च जमा होतात. चूक कुठे आहे?

खतावणी: हिशोबात चूक नाही. गेटवेच्या २ टक्के कमिशनचे १०० रुपये, त्या शंभरवर १८ टक्के जीएसटी म्हणजे १८. जीएसटी नोंदणी असेल तर हे १८ इनपुट क्रेडिटमध्ये (तुम्ही भरायच्या जीएसटीतून वजा होऊन) मिळतात. रिफंड दिलात तरी कमिशन सहसा परत येत नाही, ते किमतीत धरूनच चाला. रुपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून एमडीआर (कार्ड व्यवहारावर दुकानदाराकडून घेतलं जाणारं शुल्क) नाही. तिथेही कापत असतील तर कुठल्या नावाने, ते करारात बघा.

सर्व्हरसाइड: पेंडिंगचं कारण बहुधा हे, की तुमचा कोड ब्राउझर ‘थँक यू’ पानावर परत येण्याची वाट बघतो. ओटीपी टाकल्यावर गिऱ्हाइकाने टॅब बंद केला किंवा रेंज गेली, की ते पान उघडतच नाही. पैसे मात्र गेलेले असतात. ऑर्डर वेबहुकवर, म्हणजे गेटवे थेट तुमच्या सर्व्हरला पाठवतो त्या संदेशावर, पक्की करा.

गेटवे रेझरपे असेल तर ‘पेमेंट डॉट कॅप्चर्ड’ (पैसे पक्के घेतले) हा इव्हेंट, म्हणजे वेबहुकमधली सूचना, घ्या. नुसतं ‘ऑथोराइज्ड’ म्हणजे रक्कम अडवलीय, तुमची झालेली नाही. ठरल्या मुदतीत कॅप्चर केली नाही तर ती गिऱ्हाइकाला परत जाते. ऑटो-कॅप्चर चालू आहे ना, ते तपासा. वेबहुकची सही (संदेश गेटवेचाच आहे हे पटवणारा कोड) तपासताना आलेला मजकूर जसाच्या तसा घ्या. जेसन (मजकूर ज्या मांडणीत येतो ती) उघडून पुन्हा बांधलात तर एखाद्या स्पेसनेही सही जुळत नाही. एकच इव्हेंट दोनदा येऊ शकतो, म्हणून पेमेंट आयडीला डेटाबेसमध्ये युनिक करा, नाहीतर एका ऑर्डरची दोन पार्सलं निघतील. वेबहुक आला की आधी २०० (‘मिळाला’ असा कोड) उत्तर द्या, मेल आणि बिल मागाहून. आणि गेटवेला रक्कम पैशांत जाते: ४९९ रुपयांचे ४९९००. ती सर्व्हरवरच ठरवा. ब्राउझरमधून आलेली किंमत कोणीही बदलू शकतो.

आमसूलवाले: वेबहुकच्या सिक्रेटच्या (सही तपासायच्या गुप्त शब्दाच्या) जागी एपीआय की-चंच (गेटवेला विनंत्या पाठवायच्या किल्लीचं) सिक्रेट टाकलेलं आहे.

सर्व्हरसाइड: मग सही कशी जुळेल? दोन्ही वेगळी. वेबहुकचं सिक्रेट डॅशबोर्डवर वेबहुक जोडताना तुम्हीच ठरवता.

खतावणी: अडकलेल्या ऑर्डरी डॅशबोर्डशी ताडून बघा. कॅप्चर झालेल्या असतील तर माल पाठवा किंवा रिफंड द्या. पैसे कापले पण दुकानाला खात्रीच मिळाली नाही, अशा कार्ड व्यवहारात रिझर्व्ह बँकेच्या नियमाने टी+५ दिवसांत (टी म्हणजे व्यवहाराचा दिवस) रक्कम परत जायला हवी, पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. चार्जबॅक (गिऱ्हाइकाने बँकेमार्फत पैसे परत मागणं) आलाच तर बिल, कुरिअरचा ट्रॅकिंग क्रमांक आणि पोचपावती मुदतीच्या आत अपलोड करा. मुदत चुकली, की माल पोचलेला असूनही केस हातची जाते. आणि कार्ड नंबर एक्सेलमध्ये बिलकुल नको. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराला तो साठवताच येत नाही, फक्त टोकन (नंबराऐवजी वापरायचा सांकेतिक कोड).