मदत हवी आहे: झेनचा तळ गंजलाय. पत्रा कापून वेल्डिंग करावं की कोटिंगने भागेल? (गुहागर)

मंडळी, गाडी मारुती झेन, २००४ ची, पेट्रोल. मुक्काम गुहागर, घर आणि समुद्राच्या मध्ये फक्त नारळी-पोफळीचं आगर. काम मिरगाच्या आत उरकायला हवं, म्हणून जाणकारांनी जरा लवकर लिहावं ही विनंती.

अडचण अशी. चालकाच्या पायाखालचं कार्पेट उचललं तर त्याखालचा नमदा ओला. तो काढून पत्र्यावर स्क्रू-ड्रायव्हर टेकवला, तर क्लच पेडलच्या मागे आरपार गेला. भोक रुपयाच्या नाण्याएवढंच आहे, पण भोवतीचा वीतभर पत्रा ठोकल्यावर बद्द वाजतो. डाव्या रनिंग बोर्डच्या (दारांखालच्या पत्र्याच्या पट्टीच्या) मागच्या टोकाला रंगाखाली फोड आलेत आणि तिथे जॅक लावला की कड चेपते. स्टेपनीची जागा, मागच्या शॉकअप्सचे माथे आणि बॅटरीखालचा ट्रे मात्र ठणठणीत आहेत, टॉर्च घेऊन नीट पाहिलंय. इंजिनाची काही तक्रार नाही.

खारा वारा तर बारमाही आहेच. शिवाय कामासाठी दाभोळला जावं लागतं. धोपाव्याला फेरीबोटीत चढता-उतरताना भरतीच्या वेळी चाकं खाऱ्या पाण्यातूनच जातात. त्यात आपली लाल माती. पावसाळ्यात ती चाकांच्या कमानीत जाऊन बसते आणि वाळली की नुसत्या पाइपच्या धारेने निघत नाही. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ होतं. त्या पाण्याने तळ धुवावा की न धुतलेला बरा, हेही कोणी सांगितलं तर बरं होईल.

आतापर्यंत तिघांनी तीन सल्ले दिलेत. इथल्या गॅरेजवाल्याचं म्हणणं, गंज खरवडू, भोकावर फायबरची पट्टी चिकटवू आणि वरून सगळ्या तळाला जाड काळं रबर कोटिंग मारू, एका दिवसात गाडी घरी. चिपळूणच्या एका डेंटरने गाडी बघून सांगितलं की सडका पत्रा कापून नवा तुकडा गॅस वेल्डिंगने लावायचा, वर रेड ऑक्साइड आणि रंग. शेजारच्या काकांची मच्छीमारी होडी आहे. ते होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचं तेल लावतात आणि तेच गाडीखाली मारायला सांगतायत. त्यांची होडी वर्षानुवर्षं टिकली आहे, त्यामुळे त्यांचं बोलणं सहज बाजूला सारवत नाही.

मला सगळ्यात जास्त शंका जाड कोटिंगची आहे. आत गंज जिवंत राहिला तर वरच्या थराखाली काय चाललंय ते दिसणारच नाही. दुसरीकडे, समुद्राकाठी तळ उघडा ठेवणंही पटत नाही. पत्र्यावर पक्का थर द्यावा की दरवर्षी मेणासारखं काहीतरी मारून तळ डोळ्यांना दिसता ठेवावा? किनाऱ्यावर जुनी छोटी गाडी रोज वापरणाऱ्यांचा अनुभव मला हवा आहे.

गाडी विकून टाका असं कृपया सुचवू नका. २०२४ साली नोंदणीचं नूतनीकरण करून घेतलंय, २०२९ पर्यंत कागद चोख आहेत. आणि गुहागरच्या गडग्यांमधल्या बोळात समोरून रिक्षा आली तरी ही गाडी निघते, हल्लीच्या उंच रुंद गाड्यांना मागे जावं लागतं. रविवारी पहाटे वेळणेश्वर, हेदवी करत तवसाळला जायचं, पहिल्या फेरीबोटीने जयगडला उतरायचं आणि गणपतीपुळ्याच्या बाजूने समुद्र डोळ्यांसमोर ठेवून चालवत राहायचं, हा आमच्या घरचा आवडता कार्यक्रम. हेदवीकडच्या वळणांवर ते ९९३ सीसीचं हलकं अॅल्युमिनियमचं इंजिन तिसऱ्या गिअरमध्ये जसं ओढतं तसं सुख मला दुसऱ्या गाडीत मिळालेलं नाही. झेनचं उत्पादन २००६ लाच थांबलं, म्हणजे ही गेली की दुसरी अशी मिळायची नाही.

चिपळूण-रत्नागिरी पट्ट्यात तळाचं काम नीट करणारं कोणी माहीत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

प्रतिसाद, देवगडहून

दादा, गंजावर रबर कोटिंग अजिबात मारू देऊ नका. तुमची शंका बरोबर आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा बहुतेक वेळ त्याच्या वरच असते. म्हणजे पाऊस पडो न पडो, पत्र्यावर चिकटलेलं मीठ चार महिने ओलंच. ते थराखाली अडकलं तर वाळायची वाटच बंद.

धुवायचं तर गोड्या पाण्याने. मचूळ पाण्याने माती खरवडून काढा, पण शेवटची धार गोड्या पाण्याची हवी, दोन बादल्या पुरतात. फेरीबोटीतून आल्यावर त्याच दिवशी. आणि प्लॅस्टिकचं कव्हर घालत असाल तर बंद करा, आत घाम धरतो. चारी बाजूंनी वारा खेळेल असं पत्र्याचं किंवा झापांचं छप्पर बरं.

प्रतिसाद, चिपळूणहून, डेंटिंगच्या धंद्यातला

गॅस वेल्डिंग नको. पातळ पत्रा तापून वाकडा होतो आणि बाजूचा चांगला रंगही जळतो. सीओटू वेल्डिंगवाला (विजेवर तार वितळवून सांधणारा) बघा. २० गेजचा पत्रा चालेल. चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं, बद्द वाजणारा भाग ठेवायचा नाही. फायबरच्या पट्टीला जोर नसतो आणि तुमचं भोक पायाखाली आहे.

काम चालू करण्याआधी बॅटरीच्या दोन्ही वायरी काढायला लावा, इंजिनाच्या कॉम्प्युटरचा सॉकेटही. कार्पेट, नमदा, सीट सगळं बाहेर. पेट्रोलचा पाइप तळाखालून जातो, तो सोडवून बाजूला घेतल्याशिवाय वेल्डिंगची ठिणगी पडू देऊ नका. हे न करता काम उरकणारे असतात, म्हणून स्वतः उभे राहा.

वेल्डिंग झाल्यावर झिंक प्रायमर, सांध्यांना सीलर, मग रंग. नव्या पत्र्यावर पातळ कोटिंग मारलं तर हरकत नाही. रनिंग बोर्ड आतून सडतं. दारांच्या खालच्या कडेला आणि रनिंग बोर्डला पाणी निघायची बारीक छिद्रं असतात, ती लाल मातीने बुजतात. तारेने मोकळी करा आणि त्याच छिद्रांतून नळी घालून आत पातळ मेणाचा स्प्रे मारा. दर उन्हाळ्यात एकदा. पाणी कुठून येतं तेही शोधा: पुढच्या काचेचं रबर आणि वायपरखालच्या जाळीतला पाचोळा. ते न करता तळ बदललात तर नवा पत्राही सडेल.

प्रतिसाद

काकांना माझा नमस्कार सांगा, पण काजूचं तेल लाकडासाठी ठीक. ते कातडीला भाजतं, आणि सायलेन्सरजवळ तापलं तर गाडीत बसवणार नाही. जळकं ऑइलही कोणी सुचवेल, ते नको. सस्पेन्शनचे रबरी बुश फुगून मऊ होतात आणि थेंब आगरात, पुढे विहिरीत.

पावसाळ्यात रात्री हँडब्रेक ओढून ठेवू नका, केबल आणि ड्रम धरून बसतात. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकाला धोंडा लावा.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. वायपरखालची जाळी उघडली, आत नारळाच्या फुलोऱ्याचा कुजलेला थर होता आणि पाणी तिथूनच पेडलकडे उतरत होतं. साफ केल्यावर बादलीभर पाणी ओतून पाहिलं, आत थेंब नाही. सीओटूवाल्याची तारीख मिळाली आहे, पेट्रोलचा पाइप सोडवताना मी तिथेच असेन. काकांना तेलाचं सांगितलं, त्यांनी लगेच मान्य केलं.

गाडी वर उचलल्यावर एक नवीन गोष्ट दिसली. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा लोखंडी पाइप क्लिपजवळ खवले धरून गंजलाय. गळत नाही, पण त्यावर विश्वास ठेवून कुंभार्ली घाट उतरायची माझी तयारी नाही. पत्र्याआधी तोच बदलणार. झेनचा पूर्ण पाइप तयार मिळतो का, की नवी नळी लांबीप्रमाणे कापून टोकं फ्लेअर करून (कर्ण्यासारखी पसरवून) घ्यावी लागतात? ज्यांनी बदललाय त्यांनी कृपया लिहा, मी गुरुवारी सामान आणायला चिपळूणला जातोय.