ड्रम सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत हलगी मागायची का?

साखरपेठी

नमस्कार मंडळी. मी जे ड्रम सॉफ्टवेअर (संगणकातून ड्रमचे आवाज वाजवणारं) वापरतो, त्या कंपनीने पुढच्या आवृत्तीसाठी वापरणाऱ्यांकडून सूचना मागवल्यात. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही रड थोड्याफार फरकाने सगळ्याच सॉफ्टवेअरची आहे.

सोलापुरात माझ्याकडे येणारं काम म्हणजे गणपतीची गाणी, सिद्धरामेश्वरांची भक्तिगीतं, जयंतीची गाणी, मधूनच एखादं तेलुगू लग्नगीत. खाली ड्रमसेटची किक आणि स्नेअर चालतं, पण वर हलगी नसेल तर मंडळवाले गाणं अर्ध्यात थांबवून विचारतात, "मालक, ह्यात वाजत काहीच नाही की!" आणि सॉफ्टवेअरमध्ये हलगी शोधायला गेलं तर नाहीच.

मिडी म्हणजे वाद्यं आणि संगणक एकमेकांशी बोलतात ती आकड्यांची भाषा; त्यातला जनरल मिडीचा तालवाद्यांचा नकाशा, म्हणजे कुठल्या आकड्याला कुठलं वाद्य वाजायचं ते, १९९१ चा. ३५ ते ८१ अशा ४७ जागा. ३६ ला किक, ३८ ला स्नेअर, ४२ ला बंद हायहॅट (पायाने मिटायची झांज). बोंगो आहे, कोंगा आहे, ब्राझीलची क्युइका आहे. शिट्टीला तर दोन जागा, एक आखूड आणि एक लांब! तबल्याला एकही नाही. ढोलकी, संबळ, हलगी यांचं नावच काढू नका. आजची सॉफ्टवेअर तो नकाशा सोडून कितीतरी पुढे गेलीत, पण वाद्यांची निवड अजून त्याच चालीची.

म्हणून मी असं लिहिणार आहे: हलगी, संबळ, ढोलकी, ताशा आणि लेझीम यांचा एक संच द्या. ढोलकीच्या धुम्म्याला (खर्जाच्या तोंडाला) घुमारा, म्हणजे दाबून वर चढणारा आवाज, काढता आला पाहिजे. वाद्य गायकाच्या पट्टीत लावता आलं पाहिजे, काळी चार म्हटलं की काळी चार. आणि चालू करताना दर वेळी इंटरनेट मागू नका, आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत वीज आणि नेट दोन्ही लहरीवर असतात. पाच-पंचवीस जणांनी हेच लिहिलं तर कुणीतरी बघेल. कोण कोण लिहिणार?

बफर१२८

मी लिहिणार नाही, आणि तुम्हीही लिहू नये असं माझं मत आहे.

कंपनी हलगी देईलही. कशी देईल? कुठल्यातरी परदेशी स्टुडिओत, भारी माइकसमोर, कुणीतरी सराईत पर्कशनिस्ट ती वाजवेल. प्रत्येक ठोका सुटा, स्वच्छ, कोरडा. कोरडी हलगी म्हणजे पत्र्याचा डबा. आपण ऐकतो ती हलगी उघड्यावरची असते, तिच्यामागे भिंती असतात, लेझीम असते, शेजारी दुसरी हलगी असते. ड्रमसेटच्या सॉफ्टवेअरचा सगळा डोलारा एका खोलीवर उभा आहे. किकचा आवाज स्नेअरच्या माइकमध्ये किती शिरतो, डोक्यावरच्या माइकमध्ये झांज किती येते, हे सगळं त्या एकाच खोलीत मोजून घेतलेलं. त्यात बाहेरून हलगी आणून बसवली तर ती वेगळ्या घरातून वाजल्यासारखी ऐकू येणार.

त्यापेक्षा मूळ दुखणी मागा. माझ्या लॅपटॉपवर बफर, म्हणजे आवाज बाहेर सोडण्याआधी जमवायचा तुकडा, ५१२ च्या खाली आणला की आवाज तडतडतो. ४४.१ किलोहर्ट्झला ५१२ म्हणजे ११.६ मिलिसेकंद, वर पॅडचा आणि साउंडकार्डचा उशीर वेगळा. १२८ ला तोच आकडा २.९ होतो. ताशा वाजवणाऱ्या माणसाला हा फरक लगेच हाताला कळतो. दुसरं, लायब्ररीचा, म्हणजे आवाजांच्या साठ्याचा, आकार. २०१७ च्या सुपिरियर ड्रमर ३ या ड्रम सॉफ्टवेअरची लायब्ररी २३० जीबीच्या पुढे आहे. आवाज अव्वल, वाद नाही. पण इथल्या किती जणांकडे तेवढी रिकामी एसएसडी आहे? हव्या त्याच माइकचे नमुने, म्हणजे रेकॉर्ड केलेले ठोके, उतरवून घेता यावेत, बाकीचे सोडता यावेत, ही मागणी जगातल्या प्रत्येक वापरणाऱ्याची आहे. ती पुरी व्हायची शक्यता तुमच्या हलगीपेक्षा शंभरपट जास्त.

ताशा_तर्री

बफरदादा, लेटन्सी, म्हणजे तो उशीर, कमी झाली तरी तर्री, म्हणजे ताशाचे झपाट्याचे सलग ठोके, येत नाही हो.

मी ऑक्टोपॅडवर, म्हणजे काठीने वाजवायच्या इलेक्ट्रॉनिक पॅडवर, वाजवतो, घरी तोच पॅड मिडीने सॉफ्टवेअरला जोडतो. स्नेअरवर ताशाची तर्री मारून बघा. पहिले चार ठोके बरे, मग मशीनगन. कारण एका जोराला दोन-तीनच नमुने भरलेले असतात, ते फिरून फिरून तेच लागतात. मिडीत जोर १ ते १२७ पर्यंत मोजला जातो, पण ताशावाला तर्रीत जे खेळतो ते बहुतेक वीस-पंचवीस आकड्यांच्या पट्ट्यात. नेमकी तिथेच लायब्ररी पोकळ. हळू आणि जोरात यांचे थर भरपूर, मधले विरळ.

आणि डावा हात वेगळा, उजवा वेगळा. बऱ्याच मोठ्या सॉफ्टवेअरमध्ये स्नेअरला दोन्ही हातांचे नमुने वेगळे असतात, स्वस्तातल्यात नसतात. ही मागणी मी लिहीन. हलगीची पण लिहीन, त्यात काय जातंय?

टिपरू

काय जातंय ते मी सांगतो.

मी हलगी वाजवतो. घरात वडील वाजवायचे, आजोबा वाजवायचे. गड्ड्याच्या यात्रेत वाजवलीय, लग्नाच्या वरातीत वाजवलीय, मयतीला पण वाजवलीय. स्टुडिओत बोलावलं तर जातो, दोन-तीन तासांचे पैसे मिळतात. तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये हलगी आली की साखरपेठी मालक मला फोन कशाला करतील? एकदा कुणीतरी वाजवणार, एकदाच पैसे घेणार, आणि पुढची दहा वर्षं सगळी गाणी त्याच्याच हातावर.

परत, हलगी म्हणजे कुठली? चामड्याची का फायबरची? आता मिरवणुकीत फायबरच जास्त, पावसात उतरत नाही, शेकावी लागत नाही. चामड्याची शेकल्यावर आधी चढती असते, तासाभराने उतरते, परत शेकायची. तो चढ-उतार पण वाजवण्यातच धरलेला असतो. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक लांब काडी. काडीचा आवाज तुमच्या कुठल्या नंबरला बसवणार?

साखरपेठी

टिपरू अण्णा, तुमचा मुद्दा मनाला लागला, पण खरं सांगू का? ज्या गाण्याचं बजेटच नसतं त्याला मी आताही हलगीवाला बोलवत नाही. कुठूनतरी कापून आणलेला लूप, म्हणजे फिरून फिरून वाजणारा तुकडा, टाकतो. इथले सगळेच टाकतात. तो लूप ज्याने वाजवला त्याला एक रुपया मिळालेला नाही, आणि गाण्याची लय लूपच्या लयीला बांधावी लागते ते वेगळंच. सॉफ्टवेअरमध्ये रीतसर आली तर निदान कुणालातरी पैसे मिळतील. ज्यांचं बजेट आहे ते तुम्हालाच बोलावणार, कारण तुम्ही आलात की चार मंडळवाले स्टुडिओत येऊन नाचतात. सॉफ्टवेअर समोर कोण नाचतंय?

टिपरू

कुणालातरी म्हणजे कुणाला, तेच तर विचारलालो.

पखवाजी_पंढरपूर

हलगीवरून चाललंय ते चालू द्या, मी घुमाऱ्याबद्दल बोलतो, कारण साखरपेठींनी ते एका ओळीत उरकलं आणि खरी मेख तिथेच आहे.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक लावतो, ढोलकीच्या धुम्म्याला आतून मसाला असतो. दोन्हीकडे हात ठोक्यानंतर संपत नाही. ठोका पडल्यावर मनगट दाबून आवाज वर चढवता येतो. ड्रमसेटच्या सॉफ्टवेअरची समजूत अशी की ठोका पडला, नमुना सुरू झाला, आता तो आपला आपण विरेल. त्या समजुतीत एकच वाद्य बसत नाही, हायहॅट. पायाने झांज किती उघडी आहे ते सतत कळवावं लागतं, म्हणून बऱ्याच इलेक्ट्रॉनिक सेटमधून कंट्रोलर नंबर ४ हा मिडी संदेश सतत वाहत असतो. म्हणजे ठोक्याव्यतिरिक्त काही चालू असतं, हे या मंडळींना माहीत आहे. फक्त पायापुरतं.

पिचबेंड (आवाजाची उंची सरकवायची मिडीची सोय) वापरा म्हणाल, तर वापरून बघा. पिचबेंड त्या चॅनेलवरच्या सगळ्या आवाजांना लागतो. धुम्मा वर चढवला की चाटही, म्हणजे दुसरं तोंडही, वर जाते, ढोलकीचं हसं होतं. दोन बाजू दोन चॅनेलवर टाकून मी भागवतो, पण एका बोलात दोन्ही हात असले की नुसती नोंद करतानाच जीव जातो. २०१८ मध्ये मान्य झालेल्या एमपीई या मिडीच्या पद्धतीमध्ये प्रत्येक सुराला आपला बेंड देता येतो. कीबोर्डवाल्या सिंथमध्ये ते आलं, ड्रमच्या सॉफ्टवेअरमध्ये क्वचितच दिसतं.

तेव्हा माझी मागणी कुठल्याही वाद्याचं नाव न घेता लिहिता येते: ठोका पडल्यानंतर त्या एकाच आवाजाची उंची दाबाने बदलता यावी. टॉकिंग ड्रमवाल्या आफ्रिकन माणसाला तीच हवी, तबल्यावाल्याला तीच हवी, जॅझमध्ये कोपराने टॉम दाबणाऱ्यालाही तीच हवी.

पट्टीचंही तसंच. चामडं नुसतं ताणलं तर त्याचे वरचे सूर मूळ सुराशी जुळत नाहीत. शाईने ते जुळतात, सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्येच 'नेचर'मध्ये त्यावर लिहिलंय. म्हणून तबला-पखवाजाला स्पष्ट सूर असतो आणि तो पट्टीत नसला की गायक वळून बघतो. हलगीला शाई नाही, तिला काळी चार लावायचा आग्रह धरू नका. सगळ्यांना एकच खुंटी दिली तर ती निम्म्यांना निरुपयोगी.

बफर१२८

पखवाजीबुवा, ही मागणी मी माझ्या नावाने पाठवतो. मला हेच म्हणायचं होतं, मला ढोलकी येत नाही म्हणून सांगता येत नव्हतं. वाद्य मागू नका, वाद्य बनवता येईल अशी सोय मागा. आपले नमुने आत टाकू द्या, जोराचे थर आपल्याला लावू द्या, कुठला आवाज कुणाला तोडतो, म्हणजे थांबवतो, ते ठरवू द्या. मोठी सॉफ्टवेअर बाहेरचा आवाज घेतात, पण बऱ्याच ठिकाणी एका जागी एकच फाइल, किंवा फार तर दोन-चार थर.

विडी_घरकुल

मग मागायचं तरी कशाला? करा की स्वतः. मी आयटीत आहे, संगीतातलं कळत नाही, पण हे वाचून शोधलं. एसएफझेड नावाचा प्रकार आहे, साधी मजकुराची फाइल. इतक्या ते इतक्या जोराला ही ध्वनिफाइल, ठोका पहिला असेल तर ही, दुसरा असेल तर ती, हा आवाज वाजला की तो तोड. झालं. वाजवायला फुकट प्लेअर मिळतात. हायड्रोजन हा मुक्त ड्रम मशीनही आहे, त्यात संच बनवून वाटता येतो. टिपरू अण्णांना बसवा, दोन माइक लावा, होऊन जाईल.

ताशा_तर्री

"होऊन जाईल" म्हणे! काडी, टिपरू, कडेला, मध्ये, दाबून, सोडून. प्रत्येकाचे सहा थर, प्रत्येक थराचे आठ नमुने. गुणाकार कर बे. २८८ ठोके, आणि प्रत्येकाची शेपूट पूर्ण विरेपर्यंत गप्प बसायचं. चामडं तोवर उतरणार. परत शेकायचं, आणि शेकल्यावर आधीच्या ठोक्यांशी आवाज जुळत नाही. खिडकीबाहेरून रिक्षा गेली की तो ठोका परत.

विडी_घरकुल

मग फायबरची घ्या.

टिपरू

फायबरची घेतली तर सोलापूरची हलगी म्हणू नका. आणि फुकट वाटायचं म्हणालाव ते कुणाच्या जिवावर? प्लेअर फुकट, फाइल फुकट, हायड्रोजन फुकट, आणि मी पण फुकट?

साखरपेठी

फुकट कोण म्हणालंय अण्णा. संच विकायचा. ज्याने वाजवला त्याला दर विक्रीला हिस्सा, कागदावर लिहून, वर तुमचं नाव. दिवसाची मजुरी वेगळी.

बफर१२८

विक्रीचा हिस्सा ऐकायला छान. पहिल्या आठवड्यात पेनड्राइव्हवर सगळ्या पेठांत फिरेल तो संच, आणि हिस्सा कशाचा मागणार? अण्णांना एकरकमी द्या, आणि ती रक्कम त्यांनी सांगायची, तुम्ही नाही. परवडत नसेल तर लूप कापणं चालू ठेवा, पण मग "कुणालातरी पैसे मिळतील" हे बोलू नका.

साखरपेठी

बरं. अण्णा, रक्कम सांगा, इथे नको, फोनवर सांगा. तोवर कंपनीला मी हलगीचं लिहितोय ते लिहितोयच. पखवाजींची मागणी वेगळी पाठवा, एकात एक घुसवू नका. एका पत्रात पाच गोष्टी लिहिल्या की त्यातली सोपी ती करतात आणि काम झालं म्हणून बंद करतात. इंटरनेटचं मी काढून टाकतो, ते तिसऱ्या कुणीतरी लिहा.

ताशा_तर्री

मधल्या थरांचं माझ्याकडे. सोबत तर्रीची मिडी फाइल आणि खऱ्या ताशाचं रेकॉर्डिंग जोडतो, नुसतं लिहून त्यांना कळायचं नाही.

टिपरू

हलगीच्या पत्राला पण रेकॉर्डिंग जोडाल. मागच्या वर्षीचं माझं वाजवलेलं तुमच्याकडे आहे, मालक. ते द्यायचं नाही.

साखरपेठी

नाही देत. त्यांना हवं असेल तर तुमचा नंबर देऊ?

टिपरू

आधी मला विचारा, मग द्या. इंग्रजीत बोलायला पोरगीला बसवतो.